अवसरीच्या घाटातली पेट्यांची बारी

हे तुम्ही मानणार नाही. माझ्या बायकोनं मानलं नाही, आणि त्या दिवशीच्या माझ्या सदऱ्यावरचं रक्त तिनंच धुतलं होतं. जुन्नरच्या डॉक्टरनं मानलं नाही, आणि माझ्या पाठीतून वीतभर खिळा त्यानंच उपसला होता. तरी सांगतो. डिंगोऱ्यात खरं बोलणारा मी एकटाच उरलोय, आणि माझाही आता भरवसा नाही.

परवा संध्याकाळी आम्ही सोसायटीच्या ओट्यावर बसलो होतो. सूरज मोठ्या खुशीत आला. स्टँडवर त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. चाकणकडं आणखी एक नवी कंपनी उभी राहतेय, तिला लागणारा बारीकसारीक माल आपल्या भागातल्या कारागिरांनी द्यावा म्हणून नारायणगावात शिकवणीचा वर्ग भरणार आहे, आणि आपण त्यात नाव दिलंय, असं तो सांगू लागला.

"नाव दिलंस," मी म्हणालो, "पन बरगड्या दिल्यास का?"

"कसल्या बरगड्या, नाना?"

"आरं, नुसता माल देऊन कंपनी मिळत न्हाई. मागल्या येळंला काय झालं ते ह्या गोरखला इचार."

गोरख खालच्या पायरीवर तंबाखू मळत बसला होता. लाकडी पेट्या ठोकण्यात एके काळी आख्ख्या जुन्नर तालुक्यात त्याचा हात धरणारा नव्हता. त्यानं वर बघितलंच नाही.

"जाऊ दे, नाना," एवढंच म्हणाला.

जाऊ दे म्हटलं की मला सांगावंच लागतं.

सात वर्षांमागची गोष्ट. नारायणगावच्या टमाट्याच्या बाजारात तेव्हा प्लास्टिकचे क्रेट नुकते शिरले होते. लाकडी पेटी एकदा मुंबईला गेली की परत यायची नाही, म्हणून गोरखच्या शेडमध्ये रोज नव्या पेट्यांची ठोकाठोक. क्रेट मात्र मुंबईला जायचा, परत यायचा, धुतला की पुन्हा नवरदेव. बघता बघता गोरखच्या शेडमधल्या हातोड्या एकेक करून गप्प झाल्या. शेवटी तो एकटाच उरला, दिवसभर आंब्याच्या फळ्यांकडं बघत बसायचा.

तेवढ्यात निरोप आला. चाकणजवळ यंत्रांचे सुटे भाग करणारा एक कारखाना निघाला होता. ते भाग पाठवायला त्यांना लाकडी पेट्या हव्या होत्या, रोजच्या रोज. इथलीच माणसं शिकवून तयार करायची आणि जो पास होईल त्याच्याकडून तीन वर्षं पेट्या घ्यायच्या, असं त्यांचं ठरलं. गोरखला ते काम मिळालं तर शेड राहणार होती. नाही मिळालं तर कुलूप. यात तिसरं काही नव्हतं.

शिकवायला पुण्याहून तेजस्विनी मॅडम आल्या. इंजिनियर बाई. नारायणगावच्या मंगल कार्यालयात, जिथं नवरानवरीला बसवतात तिथं त्यांनी फळा उभा केला. आवाज असा, की मागच्या ओळीतल्या माणसाचा हात खिशातल्या पुडीपर्यंत जायचा आणि रिकामा परत यायचा. त्यांच्याकडं एक यंत्र होतं. त्याच्या दोन सुया फळीत टोचल्या की लाकूड ओलं आहे का कोरडं ते कळायचं. गोरखनं आपली फळी पुढं केली, तर यंत्र बोंबललं.

"ही ओली आहे," मॅडम म्हणाल्या. "हिच्या पेटीत ठेवलेल्या लोखंडाला गंज चढेल."

"टमाट्याला तर कधी चढला न्हाई, मॅडम," गोरख म्हणाला.

हसल्या नाहीत. फळ्या किती दिवस सावलीत वाळवायच्या, खिळ्याचं टोक आतून दिसू नये म्हणून तो कसा मारायचा, पेटीचे चारी कोपरे कसे मापायचे, सगळं घोटून घेतलं. सुरुवातीला कार्यालय भरलेलं होतं. माणसं गळत गळत शेवटी दोघंच उरले. एक आमचा गोरख, दुसरा आंबेगाव तालुक्यातला, महाळुंगे पडवळचा सयाजी. तोही पेट्याच ठोकणारा, आणि त्याच्याही शेडची तीच गत.

मग एक दिवस मॅडमनी पर्समधून सेकंदाचं घड्याळ काढलं, आणि घोळ झाला तो तिथं.

आता पुण्याच्या माणसाला ते घड्याळ म्हणजे घड्याळ. पण जुन्नर-आंबेगावच्या माणसानं असलं घड्याळ एकाच जागी बघितलेलं असतं, बैलगाड्याच्या घाटात. चढाच्या पायथ्याशी गाडा जुंपायचा, पुढं घोडी पळवायची, बैल सुटले की घड्याळ दाबायचं आणि वर निशाणापाशी पोचले की पुन्हा दाबायचं. याला म्हणायचं बारी. ज्याच्या बारीला सेकंद कमी, त्याच्या अंगावर भंडारा. गोरख आणि सयाजी दोघंही गाडामालक. एका जत्रेत सयाजीच्या बारीला सेकंद कमी का गोरखच्या, यावरून डोकी फुटली होती, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांचं नाव घेताना थुंकायचे.

मॅडमनी काय केलं, एक पेटी ठोकायला कोणाला किती वेळ लागतो ते त्या घड्याळावर मोजलं. गोरख आधी ठोकून उठला. त्यांनी टाळी वाजवली. झालं. दोघांच्याही डोक्यात बैल सुटले.

शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "सोमवारी चाचणी. तुमचा दोघांचा एकेक टेम्पो माल कंपनीच्या गेटवर दहा वाजता. आधी आणलात तर उतरवायला जागा नाही, उशिरा आणलात तर आमचं काम थांबतं. दहा म्हणजे दहा. वेळ मी स्वतः घेणार, आणि जो वेळ सांभाळेल त्याला काम." त्या म्हणाल्या हे, मी नाही म्हणत नाही. पण म्हणताना हातात ते घड्याळ होतं. आता मला सांगा, हातात घड्याळ धरून बाई वेळ घेणार म्हणते तेव्हा कान कोणाचे चालू राहतात?

बाहेर आल्यावर गोरखनं मला विचारलं, "नाना, घोडीवर बसशील का?"

मी त्याच्या गाड्यापुढं घोडी पळवायचो. त्यानं विचारलं तेव्हाच मला कळलं, की सोमवारी रक्त निघणार.

पहाटेच निघालो. टेम्पोत पेट्या. पेट्यांवर गोरखची आई साळुबाई, मांडीवर भंडाऱ्याची परात. मागं ट्रकात गोरखची बैलजोडी, शिंगं तासलेली, आणि आमची डिंगोऱ्याची माणसं. आणि सगळ्यांच्या पुढं घोडीवर मी.

"टेम्पोच्या पुढं घोडी?" सूरज म्हणाला. "हायवेला?"

"मागं ठिवली आस्ती तर बैलांना दिसली कशी आस्ती?"

"बैल तर ट्रकात व्हते."

"ट्रकातनं मान काढून बघत व्हते. मधी बोलू नको, माझी घोडी थांबती."

कळंबला महाळुंग्याकडून येणारा रस्ता हायवेला मिळतो. तिथं सयाजीनं आपला टेम्पो आडवा लावला होता. सयाजी म्हणजे मान नसलेला माणूस, डोकं थेट खांद्यात रोवलेलं. हातात बैलांचा आसूड, टोकाला तारेची गाठ. शेजारी त्याचा मेव्हणा भगवंत, खांद्यावर पहार. मागं त्याच्या बैलांचा ट्रक आणि महाळुंग्याची पंधरा-वीस माणसं.

"गोरख, माघारी फीर," सयाजी म्हणाला. "टमाटी भर जा."

"गाडी काढ, सयाजी. वर आई बसलीया."

"मंग म्हातारीला आधी खाली उतरव. बायामानसावर हात टाकायची आमच्यात रीत न्हाई."

"मुडद्या," साळुबाई वरून म्हणाली, "तुज्या बापाला इचार, मी कुनाकुनावर टाकलाय."

सयाजीचा आसूड उठला. तो निघाला होता गोरखच्या तोंडाकडं, मी घोडी मध्ये घातली आणि माझा डावा कान गेला. गेला म्हणजे मुळापासून. तो उडून कळंबच्या चहावाल्याच्या पातेल्यात पडला, आणि त्या चहावाल्यानं चहा ओतला नाही, गाळला.

"नाना, दोन्ही कान जाग्यावर हायेत तुमचे," सूरज म्हणाला.

"डावा नवा आलाय. हात लावून बघ, अजून कोवळा हाय."

कान गेला तसा माझ्या डोळ्यांपुढं लाल पडदा आला. मी घोडी सरळ त्यांच्या टेम्पोवर घातली. आमच्या ड्रायव्हरनं मागून टेम्पो चेपला. लोखंडाला लोखंड भिडलं, काचा फुटल्या, सयाजीचा टेम्पो खरडत बाजूला झाला आणि त्याच्या बोनेटवर बसलेला एक माणूस दोन गाड्यांच्या मधे सापडला. त्याच्या मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मला घोडीवर ऐकू आला. ऊस मोडावा तसा. तो ओरडला नाही. नुसता आपल्या पायाकडं बघत राहिला, कारण पाय आता भलत्याच दिशेला होता.

घोड नदीच्या पुलावर त्यांनी आम्हाला गाठलं. दोन्ही टेम्पो बरोबरीनं, मध्ये हातभर जागा, आणि त्या जागेत मारामारी. पेट्या फोडून फळ्या उपसल्या होत्या, खिळ्यांसकट. मॅडमनी शिकवलं होतं की टोक बाहेर दिसता कामा नये. त्या दिवशी टोकं बाहेर होती आणि दिसतही नव्हती, कारण ती माणसांच्या अंगात होती, एक माझ्याही पाठीत. एकाच्या गालात फळी अडकली, ती ओढली तर गाल आला. पुलावर दात असे सांडले होते की मागून आलेल्या एसटीची चाकं त्यांच्यावरून घसरली.

भगवंतनं पहार फिरवली. पहिल्या फटक्याला आमच्या टेम्पोचा दिवा गेला, दुसऱ्याला ड्रायव्हरचा खांदा. ड्रायव्हर एका हातानं स्टेअरिंग धरून, दुसरा हात दोरीला बांधलेल्या माठासारखा लोंबत असलेला, शिव्या देत गाडी चालवत होता. तिसऱ्यांदा पहार वर गेली ती गोरखच्या डोक्यावर. मी घोडीवरून वाकलो, भगवंतची कॉलर धरली आणि तो जितका जड होता तितक्याच जोरानं कठड्यावरून खाली टाकून दिला.

घोड नदीला पाणी नव्हतं. तो खडकावर पडला. थोडा वेळ खालून आवाज येत होता, सयाजीला हाका मारत होता. मग हाका थांबल्या. सयाजीनं एकदाच खाली बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "थांबू नको."

ओट्यावर गोरखचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला होता.

"फुडं काय झालं?" सूरजनं विचारलं. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, म्हणून मी पुढं गेलो.

मंचर सोडलं की अवसरीचा घाट. चढ. तिथं आमच्या टेम्पोनं शेवटचा श्वास सोडला, बोनेटमधून वाफ आली आणि गाडी थांबली. पुढं बघतो तर सयाजीचाही टेम्पो वाफा टाकत उभा. घाटाच्या पायथ्याशी दोन गाड्या, शेजारी शेजारी. समोर चढ. गोरखनं सयाजीकडं बघितलं, सयाजीनं गोरखकडं, आणि दोघंही आपापल्या ट्रककडं पळाले.

बैल उतरवले. टेम्पोला जुंपले. आता ही बारी होती, राव. जिंदगीत असली बारी कोणी बघितली नाही. मी घोडीला टाच दिली आणि बैल उधळले. मागं पेट्यांनी भरलेला टेम्पो, वर साळुबाई भंडारा उधळतेय, रस्ता पिवळा, त्या पिवळ्यावर लाल. सयाजी आपल्या बैलांवर आसूड ओढत होता आणि मधल्या मधे आमच्या बैलांवरही. प्रत्येक फटक्याला कातडं उलायचं. गोरखच्या बैलानं तीन फटके खाल्ले, चौथ्याला त्यानं मान वळवली आणि सयाजीच्या टेम्पोला लोंबकळणाऱ्या माणसाच्या पोटात शिंग घातलं. उचलला, हलवला, टाकला. त्याच्या पोटातलं बाहेर आलं. त्यानं ते सदऱ्याच्या पुढच्या पदरात गोळा केलं, गाठ मारली आणि पुन्हा पळत येऊन टेम्पोला लोंबकळला. महाळुंग्याचे लोक चिवट, हे मात्र मानलं पाहिजे.

आख्खा घाट आम्ही तेरा सेकंदांत चढलो.

"नाना, त्यो घाट कोसाचा हाय."

"म्हनून तर तेरा लागलं."

पुढं पेठ, आणि पेठच्या पुढं खेडचा घाट. तो उतार. बैलगाड्याच्या बैलाला चढायचं शिकवलेलं असतं, थांबायचं कोणी शिकवत नाही. बैल पुढं, टेम्पो मागं, ब्रेक नाही, आणि वळणावर खाली दरी. सयाजीच्या माणसांनी रस्त्यावर खिळ्यांची पोती मोकळी केली. माझी घोडी त्या खिळ्यांवरून गेली, तिच्या टापांतून रक्ताच्या चिळकांड्या, पण ती थांबली नाही. समोरून दुधाचा टँकर आला तर ती टँकरवरून उडाली. मी खाली बघितलं, टँकरचा ड्रायव्हर वर बघत होता. आम्ही एकमेकांना नमस्कार केला.

त्या गडबडीत सयाजीचा एक माणूस आमच्या टेम्पोवर चढला, हातात कोयता. वर साळुबाई एकटी. त्यानं पहिला वार केला तो पेटीत रुतला. म्हातारीनं मूठभर भंडारा त्याच्या डोळ्यांत घातला आणि परातीनं सुरुवात केली. मी लहानपणी धुणं धोपटताना बघितलंय, तसं. त्याचं तोंड वळणापर्यंत तोंड होतं, वळणानंतर नव्हतं. ती परात अजून त्यांच्या घरात आहे आणि तिच्यात एका माणसाचं नाक उमटलेलं आहे.

कंपनीच्या गेटवर पोचलो तेव्हा सात वाजले होते. आम्ही पुढं, सयाजी मागं वळणावर. गोरखनं खाली उडी मारली आणि गेट हलवलं.

"मॅडमला बोलवा," म्हणाला, "येळ घ्या म्हनावं. आमी आलो."

गेटावरचा वॉचमन पुढं आला. आता हा वॉचमन म्हणजे साडेसात फूट उंच, छाती रांजणाएवढी, हातात शिशाची लाठी. म्हणाला, "दस बजे आना. अभी गेट नहीं खुलेगा."

"आरं, आमी पैले आलोय."

"पहले आए तो क्या हुआ. दस बजे."

आणि त्यानं लाठी उचलली. आधी त्यानं उचलली, हे ध्यानात ठेवा. आम्ही पाचजण त्याच्यावर गेलो आणि त्यानं पाचही जणांना उचलून आपटलं. मग पुन्हा गेलो. कोणी पाय धरले, कोणी गळा. तो पडला तेव्हा जमीन हादरली. पडल्यावरही मारत होतो, कारण असला माणूस उठला तर काय करेल याची आम्हाला भीती होती. लाथा मारत होतो, त्याचीच लाठी त्याच्यावर चालवत होतो. तो हिंदीत काही म्हणत होता, ते कोणाला कळलं नाही.

"कळत व्हतं," गोरख म्हणाला. पण हळू म्हणाला, आणि मी रंगात होतो.

तेवढ्यात सयाजी आला. सात ते दहा, तीन तास त्या गेटापुढं जे झालं ते सांगायला बसलो तर उद्याचा दिवस पुरणार नाही. दोन्ही गावांची माणसं एकमेकांत अशी मिसळली की कोणाचा हात कोणाच्या खांद्याला आहे ते कळेना. साडेआठला ओरडणारे कमी झाले. नऊला कण्हणारे. साडेनऊला उभे राहिले दोघंच, गोरख आणि सयाजी, आणि दोघांच्या हातात हातोड्या. पेट्या ठोकायच्याच.

हातोडीची मारामारी बघितलीय कोणी? तलवारीचं बरं, ती कापते. हातोडी मोडते. सयाजीनं गोरखच्या बरगड्या मोजून मोडल्या. गोरखनं त्याचा गुडघा फोडला. सयाजी खाली बसला, एका पेटीला टेकून. त्यानं हात वर केला, थांब म्हणायला. गोरखनं तो हात धरला, पेटीच्या फळीवर पालथा दाबला, तोंडात धरलेला खिळा काढला आणि एका ठोक्यात आरपार मारला. एका ठोक्यात. त्याचा हात तसाच होता, बघा. खिळ्याचं टोक पेटीच्या आत दिसलं नाही.

सयाजी तिथं खिळलेला. उठू शकत नव्हता. रक्त फळीवरून थेंबथेंब खाली.

"गोरख," तो म्हणाला, "घरी दोन पोरी हायेत."

"मला बी शेड हाय," गोरख म्हणाला.

आणि हातोडी वर गेली, आणि खाली आली. डोक्यावर. पुन्हा वर गेली. दुसऱ्या वेळेला आवाज वेगळा होता, पिकलेल्या भोपळ्यासारखा. तिसऱ्या वेळेला आवाजच आला नाही. सयाजी पेटीवर तसाच बसून राहिला, हात खिळलेला, डोळे उघडे. मेला.

तेवढ्यात आतून दहाचा भोंगा झाला. गेट उघडलं. तेजस्विनी मॅडम बाहेर आल्या, पडलेल्या माणसांमधून पाय जपत आल्या, त्यांनी घड्याळ दाबलं. मग सयाजीला जरा बाजूला सारून ते सुयांचं यंत्र फळीत टोचलं. यंत्र गप्प राहिलं.

"बाहेरून ओली आहे," त्या म्हणाल्या, "पण आतून कोरडी आहे. पास." आणि तीन वर्षांचं काम त्यांनी तिथल्या तिथं गोरखच्या नावावर...

"खोटं हाय," गोरख म्हणाला.

तो उभा राहिला होता. हातातला तंबाखू त्यानं झटकून टाकला.

"काय खोटं हाय?" मी म्हणालो.

"समदंच. मला मानूस मारायला लावलंस तू, नाना."

"आरं, गोष्टीत."

"गोष्टीत बी नगं." मग तो माझ्याशी बोललाच नाही, सूरजकडं वळला. "सयाजी मेला बिला न्हाई. कळंबला बी नव्हता, घाटात बी नव्हता. आमी सातला गेलो तवा त्यो घरी आंघूळ करत आसंल. आन् त्यो वाचमन, म्हातारा व्हता. ह्या नानाच्याच वयाचा, अंगानं काडी. दहाला या म्हनला, म्हनून आमी पाच जनांनी त्याला पाडून मारला. हात जोडत व्हता. त्येच्या तोंडातलं रगत आमच्या पेट्यांवर उडालं, मॅडमनी त्या पेट्यांना हात बी लावला न्हाई. बराबर दहाला सयाजी आला, पेट्या उतरवल्या आन् गेला. आर्डर त्याला मिळाली, तीन वर्सांनी फुडं बी वाढली. सकाळी आठला मला त्याच्याच शेडवर जायाचंय, खिळं मारायला."